केवळ हिरवा दगड

आमच्या संग्रहालयात तिला सगळे खात्रीताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे खात्रीताई. कोठाराचं कुलूप लावलं की ती चार पायऱ्या उतरायची, परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची, आणि जिन्याच्या वळणापर्यंत येऊन पुन्हा एकदा वर जायची. मी तिकीट खिडकीवर बसते, तिथून जिना दिसतो. संध्याकाळी गल्ला बंद करता करता मी मनात मोजायचे, आणि दुसऱ्यांदा कुलूप ओढल्याचा आवाज आला की पर्स उचलायचे.

कोठार तिच्या ताब्यात होतं. दालनात मांडलेल्या वस्तू तीनशेच्या आसपास, पण मागे कोठारात सहा हजारांवर. दात, भांडी, पिसं, बंदुका, कुणाकुणाच्या टोप्या. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि त्या नंबराची नोंद जाडजूड नोंदवहीत. चोवीस वर्षांपूर्वी ती रोजंदारीवर टंकलेखक म्हणून आली तेव्हा तिचं पहिलं काम होतं ती जुनी इंग्रजी नोंदवही आपल्या भाषेत उतरवून काढणं. कॉलेजात इंग्रजी बरं होतं, शेजारी एक शाळकरी शब्दकोश होता आणि रोज ऐंशी नोंदी संपवायच्या होत्या. तीन महिन्यांत तिने वही पुरी केली. त्या कामावरच तिला कायम करून घेतलं.

हे सगळं तिने मला पुढे डबा खाताना तुकड्या-तुकड्याने सांगितलं. काही मी स्वतः पाहिलं.

एका सोमवारी सकाळी संचालकांनी तिला बोलावलं. त्यांच्या हातात पत्र होतं. लांबच्या बेटांवरच्या एका माओरी कुटुंबाचं. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांनी एका जहाजावरच्या डॉक्टरला एक वस्तू भेट दिली होती. डॉक्टरने त्यांच्या मुलाचा मोडलेला पाय नीट बसवला होता, त्याबद्दल. डॉक्टर वारल्यावर त्याच्या बायकोने ती वस्तू आमच्या संग्रहालयाला दिली. कुण्या संशोधकाने आमच्या जुन्या वहीच्या पानाची प्रत नेली होती, ती फिरत फिरत त्या घरापर्यंत पोचली. आता घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाई, वय एक्याऐंशी, ती बघायला येत होत्या. परत मागत नव्हते. फक्त बघायची होती आणि परवानगी असेल तर हातात घ्यायची होती. पुढच्या बुधवारी पोचणार होते.

"वस्तूचं नाव मेरे," संचालक म्हणाले. "आखूड, चपटं शस्त्र असतं म्हणे, हिरव्या दगडाचं. नंबर चारशे बारा. बुधवारपर्यंत काढून, पुसून ठेवा."

पानाची प्रत त्यांनी पुढे सरकवली. तिरक्या, झोकदार अक्षरात एक ओळ होती. आधी चार अक्षरं, एम, ई, आर, ई. मग स्वल्पविराम. मग ग्रीन स्टोन, एक.

 ही ओळ तिला आठवत होती. सहा हजारांतली एखादीच आठवावी आणि ती नेमकी हीच असावी. तेव्हा तिने ती 'मिअर' अशी वाचली होती, शाळेत सगळे शिकतात तो शब्द, म्हणजे नुसतं, केवळ. आणि लिहिलं होतं: 'केवळ हिरवा दगड. एक.' लिहिताना तिला हसूही आलं होतं. केवळ दगडच असेल तर नोंदवला कशाला? मधला स्वल्पविराम तिला खटकलाही होता. पण त्या दिवसाच्या ऐंशीतल्या एकवीस नोंदी राहिल्या होत्या. स्वल्पविराम गाळून ती पुढे गेली.

संचालकांना ती म्हणाली, "बघते." आणि बाहेर आली.

केवळ दगड म्हणून नोंद झालेली वस्तू केवळ दगडांतच जाणार. खनिजांच्या रॅकवर तिने चारशे बाराची जागा पाहिली. ती रिकामी होती. तिथे धूळसुद्धा आजूबाजूच्या इतकीच होती, म्हणजे जागा आज-काल रिकामी झालेली नव्हती. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला, रॅकमागे टॉर्च मारला. मग तिला आठवलं.

अठरा वर्षांपूर्वी कोठारात जागा कमी पडली म्हणून एक मोठी सफाई झाली होती. ज्या दगडांचा ठावठिकाणा वहीत नाही, कुठून आले हे माहीत नाही, ते एका शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकायचे असं ठरलं. यादी वहीवरून काढली गेली. मंगळवारी तिने ती फाईल शोधून काढली. त्रेचाळीस दगड. सव्विसाव्या ओळीवर चारशे बारा, 'केवळ हिरवा दगड'. यादी टंकलेली तिचीच, खाली सहीही तिची. यादी करून ती बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. दगड प्रत्यक्ष बांधून पाठवण्याचं काम त्या वेळच्या कोठारप्रमुखांनी, मास्तरांनी केलं होतं. मास्तर कधीच निवृत्त झाले होते.

फाईल तिने होती तिथे ठेवली आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, तो उशिरा येई. घरी सासरे होते. आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात काम केलेले, आता गुडघे धरून बसलेले, पण शब्दांचा नाद भारी. त्यांच्याकडे एक अगडबंब इंग्रजी कोश होता. त्याचा पुठ्ठा कधीच गेला होता, तो ते मोजणीच्या जुन्या फितीने बांधून ठेवत. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, एम-ई-आर-ई म्हणजे काय हो?"

"कोणता? तिघं आहेत," सासरे म्हणाले, आणि खूश होऊन फीत सोडायला लागले.

पहिला म्हणजे केवळ, नुसतं. हा लॅटिनमधून आलेला. तिकडे त्याचा अर्थ होता निर्भेळ, पाणी न घातलेला दारूचा पेला. निर्भेळचा झाला निव्वळ, निव्वळचा झाला नुसता. "म्हणजे एके काळी हा कौतुकाचा शब्द होता, सूनबाई. शब्दांचीही पत घसरते." दुसरा जुन्या इंग्रजीतला, अर्थ तळं किंवा समुद्र. तिकडच्या काही तळ्यांच्या नावांच्या शेपटीला तो अजून चिकटलेला आहे. हजार वर्षांपूर्वी तो मिअर नव्हता, दोन्ही स्वर स्पष्ट म्हणत, मे-रे. तिसराही जुनाच, पण घर वेगळं. त्याचा अर्थ हद्द, शीव. सासऱ्यांनी नोकरीत जुन्या नकाशांवर तो पाहिला होता, हद्दीच्या दगडाला मिअरस्टोन लिहीत.

"आपल्याकडेही म्हातारी माणसं शेताच्या कडेला मेर म्हणत," ते म्हणाले. "पण लगेच गाठ मारायची नाही हं. सारखं दिसलं म्हणजे सोयरं नसतं."

तिने विचारलं, आणि माओरी लोकांत एक मेरे असते ती? सासऱ्यांनी चष्मा वर केला, पान उलटलं, बोट ठेवलं. होती. आखूड चपटं शस्त्र, बहुधा हिरव्या दगडाचं. "ही चौथी. हिचं या तिघांशी काही नातं नाही. अक्षरं तेवढी एक. गंमत बघ, जुना इंग्रज तळ्याला जे म्हणायचा आणि हा माणूस हातातल्या शस्त्राला जे म्हणतो, ते कानाला जवळजवळ एकच. दोघांच्या मध्ये अर्धी पृथ्वी. आपलं नाव घे. ते नाव हाक मारायचं आणि ती नाव पाण्यात घालायची. समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखणारही नाहीत."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिला एवढंच ऐकू आलं की हा कोश घरात चोवीस वर्षं होता. तिचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा वहीचं काम चालू होतं. उठून दोन पावलं टाकून विचारलं असतं तर झालं असतं. तिने ताटातलं अन्न चिवडलं. सासऱ्यांनी विचारलं, ऑफिसात काही झालंय का? ती म्हणाली, छे, एक चिठ्ठी लिहायची आहे.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि त्या शाळेत गेली. मला जाताना म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. मी विश्वास ठेवला, कारण चेहरा तसाच होता.

प्रयोगशाळेचा सहायक भला माणूस होता. त्याने कपाट उघडून दगडांचे ट्रे एकेक करून टेबलावर ठेवले. दगडांवर मुलांनी खडूने नाकं-डोळे काढले होते. हिरवे दोन निघाले, दोन्ही वाटोळे, खडबडीत, मुठीएवढे. शस्त्र म्हणावं असं त्यांत काहीच नव्हतं. खोलीचं दार उघडं राहावं म्हणून खाली एक दगड लावलेला होता. तो तिने वाकून पाहिला. पांढरा होता. दगड फुटले, हरवले, कुणी मुलाने खिशातून नेला, असं होतं का, तिने विचारलं. होतं की, सहायक म्हणाला, पण आमच्याकडे पोच आहे, मोजून बघू. पोच निघाली. संग्रहालयाकडून मिळाले: बेचाळीस. टेबलावरचे आणि दारातला मिळून भरले बेचाळीस.

यादीत त्रेचाळीस, पोचीत बेचाळीस. म्हणजे चारशे बारा शाळेत आलाच नव्हता.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. शाळेत हरवला असता तर ती चूक झाली असती. निघाला पण पोचला नाही, याला लोक वेगळा शब्द वापरतात.

शुक्रवारी तिने संचालकांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. आधी स्वल्पविराम, मग सफाई, मग पोच. संचालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यावर विश्वस्त मंडळ होतं. एक्याऐंशी वर्षांच्या बाई इतक्या लांबून निघणार होत्या, त्यांची तिकिटं काढून झाली होती. ते बराच वेळ प्रत घडी घालत आणि उलगडत बसले.

"ताई, तुम्ही ध चा मा केलात," ते शेवटी म्हणाले. "ते मी समजू शकतो. पण तो एक दगड गेला कुठे? तेव्हा किल्ल्या कुणाकडे असायच्या?"

ती म्हणाली, दोघांकडे. मास्तरांकडे आणि माझ्याकडे.

 सोमवारपर्यंत लेखी द्या, ते म्हणाले, म्हणजे मंडळापुढे ठेवता येईल आणि लागली तर पोलिसांत तक्रारही करता येईल. ती खाली आली तेव्हा मी खिडकीत सुटे पैसे लावत होते. ती काचेपाशी उभी राहिली. मी विचारलं, दात काढला का? तेव्हा तिने मला पहिल्यांदा सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला काचेच्या भोकाला कान लावावा लागला. मास्तरांवर संशय घेणं तिला मरण वाटत होतं, आणि न घ्यावा तर दुसरं नाव तिचंच उरत होतं.

मास्तर चौऱ्याऐंशीचे, मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. शनिवारी सकाळी ती तिथे गेली. सुनेने बाल्कनीत खुर्ची दिली. मास्तर ठार बहिरे झाले होते. त्यांना वाटलं ती पेन्शनचा हयातीचा दाखला घ्यायला आली आहे. ते म्हणाले, मी आहे, आहे, बघून घ्या. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, एक दगड हवाय. ते म्हणाले, साखर? समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. बहिऱ्या माणसाला गुपित सांगता येत नाही. संग्रहालयातला दगड गेला हे दोन इमारतींना ऐकू जाईल असं ओरडायची तिची छाती नव्हती. शेवटी तिने पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढलं आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवर लिहिलं: चारशे बारा. त्याखाली ती चार इंग्रजी अक्षरं.

मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"हद्द," ते म्हणाले.

तिला कळेना. ते रागावले असं वाटलं.

"हद्दीचा दगड तो. मिअरस्टोन. तू केवळ दगड लिहून ठेवलं होतंस. तू नवी होतीस तेव्हा, तुला काय बोलायचं. शाळेला पाठवताना मी एकेक नंबर इंग्रजी वहीवरून ताडून पाहिला. हा शब्द मला चुकीचा वाटला. मोठ्या वाचनालयात जाऊन कोश पाहिला. हद्दीचा दगड शाळेत कशाला? मी तो वेगळा काढला आणि मोजणीच्या कपाटात ठेवून दिला, साखळ्या नि खुंट्यांबरोबर."

तिने लिहिलं: उघडून पाहिला होता?

"शिवलेलं होतं गं बाई कापडात. शिवण उसवायची तर पुन्हा शिवायला कोण? नोंद बदलायची होती. ती राहिलीच. मग माझे निवृत्तीचे कागद आले."

ते पुढे बराच वेळ निवृत्तीच्या समारंभाबद्दल बोलले. तिने मान हलवली. दोन चुका एकमेकींवर पडल्या होत्या. तिची चूक त्या वस्तूला घराबाहेर काढायला निघाली होती आणि मास्तरांच्या चुकीने तिला दारातच अडवलं होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर चोवीस वर्षांपूर्वीच्या टंकलेखक मुलीची बाजू सावरल्याचं समाधान होतं. आपलाही अर्थ चुकला होता हे त्यांना कागदावर लिहून दाखवावं का, असं तिच्या मनात आलं. पेन हातात होतं. तिने ते पिशवीत टाकलं.

दुपारी ती संग्रहालयात आली आणि मला म्हणाली, "वर ये. मला एकटीने उघडायचं नाही."

मला कारण विचारावं लागलं नाही. एकटीने उघडलं आणि सापडलं, तर उद्या कुणी म्हणायला नको की हिनेच आणून ठेवलं. मी खिडकीवर 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि तिच्याबरोबर गेले.

मोजणीचं कपाट मागच्या खोलीत होतं. दरवर्षी ती त्यावरून फडकं फिरवायची. दहा वर्षांतून एकदा आतल्या पेट्या मोजल्या जायच्या, सात, आणि सात भरल्या की कपाट बंद व्हायचं. तिने पेट्या एकेक करून खाली घेतल्या. साखळ्या, लोखंडी खुंट्या, पितळी होकायंत्र, पुन्हा खुंट्या. पाचव्या पेटीचं झाकण हलकं लागलं. आत जाड कापडात शिवलेलं एक लांबट गाठोडं होतं आणि वर मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'हद्दीचा दगड. ४१२. नोंद करणे.'

तिने सुती हातमोजे चढवले. डाव्या हाताचा मोजा उजव्यात जात होता, दोनदा काढावा लागला. मला म्हणाली, खाली गादीसारखं फडकं धर, माझ्या हातून पडलं तर. मग छोट्या कात्रीने शिवण कापली.

मी दगड म्हणून काहीतरी दगडासारखं येईल असं धरून चालले होते. आतून आली ती वीतभराहून थोडी मोठी, पानासारखी चपटी, टोकाकडे रुंद होत गेलेली वस्तू. मुठीजवळ कोरलेल्या रेघा, त्याखाली दोरी ओवायला भोक. कडा इतकी गुळगुळीत आणि पातळ की कुणीतरी महिनोन् महिने नुसतं घासत बसलं असणार. रंग काळपट हिरवा. पण तिने खिडकीकडे धरली तेव्हा कडेतून उजेड आला, कोवळ्या पानातून येतो तसा.  मग ती त्या खोलीतल्या पेटीवर बसली, आणि बसल्याबसल्या म्हणाली, "हे बघ."

टोकाजवळ कडेला एक टवका उडालेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

तो पहिल्यापासूनचा, की सफाईत आपटून उडालेला, की खुंट्यांच्या पेटीत अठरा वर्षं राहून? जुन्या वहीत फक्त चार शब्द होते, टवक्याचा उल्लेख नव्हता. नसण्यावरून काहीच ठरत नव्हतं. ती भिंग घेऊन अर्धा तास तो टवका बघत राहिली. मी म्हटलं, सापडलं ना, आता जीव भांड्यात पडू दे. ती म्हणाली, भांडंच दिसत नाहीये.

संचालकांना तिने लगेच फोन केला. ते आले, पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि खुर्चीत मागे टेकले. लेखी मात्र त्यांनी सोडलं नाही.

बुधवारी त्या बाई आल्या. ठेंगण्या, काठी टेकत चालणाऱ्या, केस पांढरेशुभ्र. बरोबर बहिणीचा नातू, चाळिशीतला. तो शिक्षक होता असं त्याने मला तिकीट विचारताना सांगितलं. मी तिकीट घेतलं नाही. संचालकांनी आपली खोली मोकळी केली होती, टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर ती. मी पाणी घेऊन गेले आणि दारातच थांबले.

बाईंनी हात लावण्याआधी त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हटलं. गाणं होतं की बोलणं, मला कळलं नाही. आवाज आधी थरथरला आणि मग थरथरायचा थांबला. मग त्यांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि तशाच राहिल्या. नातू भिंतीकडे तोंड करून उभा होता. खात्रीताई कोपऱ्यात उभी, पदराची कड बोटाला गुंडाळत आणि सोडत.

संचालकांनी तिला आधी बजावलं होतं, पाहुण्यांना आतल्या भानगडी सांगायची गरज नाही. पण बाईंनी विचारलं, इतकी वर्षं ही कुठे ठेवली होती? संचालकांनी घसा साफ केला, आणि त्याआधी तीच बोलली. आपल्या जुन्या कॉलेजातल्या इंग्रजीत, थांबत थांबत. मी वाचायला चुकले. मी केवळ दगड लिहिलं. त्यामुळे ही जवळजवळ गेली होती. माझ्या साहेबांनी हद्दीचा दगड समजून ठेवली म्हणून राहिली. तेही चुकले होते.

 बाईंनी तिला काय लिहिलं होतं ते पुन्हा म्हणायला लावलं. नातवाने त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांची नजर मऊ नव्हती. मग त्या सावकाश इंग्रजीत बोलल्या. त्यांच्या आजीचं नाव शाळेत चुकीचं लिहिलं गेलं होतं आणि ती जन्मभर त्या चुकीच्या नावाला ओ देत राहिली.

"आजी ओ तरी देऊ शकत होती," त्या म्हणाल्या. "हिला ओ देता आली नाही."

खात्रीताईने मान खाली घातली. टवक्याचंही विचारलं तिने, तसंच उभ्याउभ्या. बाईंनी अंगठा त्यावरून दोन-तीनदा फिरवला. घरात जी हकिगत सांगत आले त्यात टवका नव्हता, त्या म्हणाल्या. पण हकिगतीत सगळंच नसतं. यापलीकडे त्याचा उलगडा झाला नाही, आजही नाही.

जाण्याआधी बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. आमच्या नोंदवहीतला मेरे हा नुसता वस्तूच्या प्रकाराचा शब्द झाला, त्यांनी सांगितलं. या एकीला तिचं स्वतःचं नाव आहे. ते त्यांनी तिच्या कानात सांगितलं, आणि कुठे लिहू नकोस म्हणाल्या. तिने लिहिलं नाही. मलाही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढे वर्षभराने त्या घराने ती परत मागितली. मंडळाच्या तीन बैठका झाल्या, चौथीत होकार झाला. पेटी तिनेच बांधली. लेखी खुलाशावर मंडळाने तिला सक्त ताकीद दिली आणि ती तिच्या सेवापुस्तकात लागली. मास्तरांना ती सांगून आली की हद्दीचा दगड मोजणीच्या कपाटातच सापडला. ते म्हणाले, पाहिलंस? त्याच हिवाळ्यात ते गेले.

मला वाटलं होतं, आता ती सुटली. पण ताकिदीचं तिला एवढं नव्हतं. तिला दुसऱ्याच गोष्टीने धरलं. तिने उतरवलेल्या नोंदी सहा हजार होत्या. ही एक पत्र आलं म्हणून कळली. ज्यांची पत्रं आली नाहीत त्यांचं काय?

तिने सासऱ्यांकडून तो फितीने बांधलेला कोश मागून आणला आणि पहिल्या नोंदीपासून पुन्हा वाचायला लागली. जुनी इंग्रजी वही डावीकडे, तिची उजवीकडे, आणि प्रत्येक नंबराला प्रत्यक्ष वस्तू समोर घेऊन. चिठ्ठीवर विसंबायचं नाही. दिवसाला बारा-पंधरा होतात. 'मोहोरेचा दात' असं एके ठिकाणी सापडलं. तिथे सील म्हणजे समुद्रातला प्राणी होता आणि तिने लाखेचा शिक्का समजला होता. ते वाचून मी खिडकीत पोट धरून हसले. तीही हसली, पण तिने हसताहसता नंबर लिहून घेतला. आतापर्यंत अशा चौदा निघाल्या आहेत.

परवा दुपारी ती खाली काचेपाशी आली. एकोणीसशे सात नंबरची नोंद बरोबर आहे, म्हणाली. इंग्रजीत जे आहे तेच आपल्या भाषेत आहे, कोशात दुसरा अर्थ नाही, सासऱ्यांनाही विचारलं. लाकडी कंगवा, एक. फक्त रॅकवर कंगवा नाही.

मी पाटी लावली आणि तिच्याबरोबर वर गेले.